तारेविना उडालेलं हेलिकॉप्टर

1964 साली अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत विल्यम ब्राउन या अभियंत्याने एक छोटं हेलिकॉप्टर हवेत तरंगत ठेवलं. त्यात ना इंधनाची टाकी होती, ना बॅटरी. ते इकडेतिकडे भरकटू नये म्हणून बाजूला दोऱ्या ताणलेल्या होत्या, पण त्यांतून वीज जात नव्हती. वीज येत होती जमिनीवरून, सूक्ष्मलहरींच्या झोतातून. असं ते सलग दहा तास उडत राहिलं.

या लहरी आपल्या ओळखीच्याच. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण 2.45 गिगाहर्ट्झच्या ज्या लहरींनी भाजी गरम करतो, त्याच जातीच्या. खरी गंमत हेलिकॉप्टरच्या पोटाखाली होती. तिथे जाळीसारख्या अँटेनावर हजारो बारीक डायोड बसवले होते. अँटेना लहरी पकडायचा आणि डायोड त्यांचा एकदिश प्रवाह करून मोटरला द्यायचे. या जोडगोळीला ‘रेक्टेना’ म्हणतात.

1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन इथे सुमारे दीड किलोमीटर अंतरावर 30 किलोवॉटहून अधिक वीज अशीच पोचवली गेली.

मग घरोघरी हे का नाही? कारण झोत पसरतो. अंतर वाढलं की तो पकडायला अँटेनाही मोठा लागतो, नाहीतर बरीच ऊर्जा वाया जाते. लेझरचा झोत कमी पसरतो, पण ढग आणि धुकं त्याला अडवतात. 2025 मध्ये अमेरिकेच्या ‘डार्पा’ संस्थेने लेझरने 8.6 किलोमीटरवर 800 वॉटहून अधिक वीज पाठवली. तीही अर्ध्या मिनिटापुरतीच.