ट्रॅक्टरचे स्टेअरिंग जड का होते?

पूर्वीचा ट्रॅक्टर वळवायचा म्हणजे दंडात बळ लागे. तासाच्या टोकाला आले की ड्रायव्हर अर्धा उभा राही, तेव्हा कुठे पुढची चाके वळत. हल्लीच्या पुष्कळ ट्रॅक्टरांना पॉवर स्टेअरिंग असते. एका हाताने फिरवले तरी चाके वळतात. हे बळ येते कुठून? तेलातून.

इंजिन चालू झाले की त्याच्या जोरावर एक लहानसा पंप फिरतो. पंप तेलाला दाब देऊन पाइपातून पुढे ढकलतो. आपण स्टेअरिंग उजवीकडे फिरवले, की तेल एका नळकांड्यात एका बाजूने शिरते आणि आतला दांडा सरकवते. डावीकडे फिरवले, की दुसऱ्या बाजूने शिरते. तो दांडा चाकांना वळवतो. काम झालेले तेल पुन्हा टाकीत येते. विकायच्या मोटारगाडीत ही सोय अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने १९५१ साली प्रथम दिली.

आता हे स्टेअरिंग एक दिवस जड लागू लागले, तर? पुष्कळ जण म्हणतात, "पंप गेला!" आणि तालुक्याला धाव घेतात. आमचे म्हणणे, पंप महाग आहे. आधी फुकटात पाहता येते ते पाहा. पुढच्या टायरांत हवा कमी असली, तर स्टेअरिंग जड लागणारच. एकात कमी, दुसऱ्यात जास्त असली, तर गाडी एका अंगाला ओढते. पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीस किती दिवसांत दिले नाही, तेही आठवावे.

मग तेल. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, इंजिन बंद करा. काही ट्रॅक्टरांत स्टेअरिंगच्या तेलाची टाकी वेगळी असते, काहींत हायड्रॉलिकचेच तेल वापरतात. कंपनीच्या पुस्तिकेत ते लिहिलेले असते. झाकणाभोवतीची धूळ पुसून मगच झाकण उघडा. तेलावर फेस दिसला, तर आत हवा शिरली आहे. तेल दुधासारखे दिसले, तर पाणी शिरले आहे. वळवताना घूंऽऽ असा आवाज येत असेल, तर बहुधा तेल कमी आहे, नाहीतर जाळी तुंबली आहे. घरात उरलेलं कसलंही ऑइल ओतू नका. पुस्तिकेत सांगितलेले तेच घाला.

हे तेल डिझेलसारखे जळून संपत नाही. कमी झाले, म्हणजे कुठेतरी गळते आहे. पाइपाचे जोड पाहा, नळकांड्याच्या दांड्याजवळ ओल आहे का पाहा.

पण गळती बोटाने चाचपू नका! हे आम्ही मुद्दाम सांगतो. या पाइपातला दाब मोटारीच्या टायरातल्या दाबाच्या तीस-चाळीस पटींहून जास्त असू शकतो. बारीक भोकातून निघालेली तेलाची धार डोळ्याला दिसतही नाही, पण सुईसारखी कातडीत शिरते. आधी काटा टोचल्यासारखे वाटते, फारसे दुखतही नाही. माणूस हळद लावून कामाला लागतो. काही तासांनी हात सुजतो, आतले मांस मरते, आणि बोट, कधी हातही, कापावा लागतो. असे झाले तर त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना सांगा, "दाबाचं तेल आत गेलंय." गळती शोधायला लांबून पुठ्ठा धरावा. पुठ्ठ्यावर डाग उमटतो.

दुसरी गोष्ट उताराची. डिझेल वाचावे म्हणून कोणी घाटात इंजिन बंद करून गाडी सोडतात. इंजिन बंद, की पंप बंद. स्टेअरिंग एकदम दगडासारखे होते, आणि मागे उसाची भरलेली ट्रॉली रेटत असते.

तेल घातल्यावर इंजिन सावकाश चालू ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-सहा वेळा हळूहळू फिरवा, म्हणजे आतली हवा निघते. टोकाला नेऊन दाबून धरू नका, तेल तापते. पुन्हा तेल बघा. तरीही जडच लागले, तर मिस्त्रीकडे जावे. त्याला नीट सांगावे: दोन्ही अंगांना जड जाते की एकाच? सकाळपासूनच, की गाडी तापल्यावर? एकाच अंगाला जड असेल, तर तो बहुधा आधी नळकांडे नि झडपा पाहील. तापल्यावरच जड होत असेल, तर पंप झिजला असण्याचा संभव आहे.