सांपळ्याची साक्ष

मुंगीला संस्कृतांत पिपीलिका म्हणतात. या शब्दाची व्युत्पत्ति सांगतांना निरुक्तकार यास्काचार्यांनीं ती गत्यर्थक 'पेल्' धातूपासून लाविली आहे. जी चालते ती पिपीलिका. ज्या वैदिक छंदांत मधला चरण आखूड व दोन्ही बाजूंचे लांब असतात, त्यास 'पिपीलिकमध्या' अशी संज्ञा आहे. आणि पौर्णिमेपासून घास कमी करीत अमावास्येपर्यंत जाऊन पुढें पुनः वाढवीत नेण्याच्या चांद्रायणासही 'पिपीलिकामध्य' असेंच म्हणतात. मुंगीची कंबर बारीक असते आणि ती सदा चालत असते, या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनीं नीट पाहिल्या होत्या. आजचा कीटकशास्त्रज्ञही मुंगी ओळखतांना तिची ती बारीक कंबर पाहतो, आणि तिला पकडतांना तिच्या चालण्याचाच उपयोग करतो.

पकडण्याच्या या रीती वरवर पाहतां फार सोप्या आहेत. त्यांस महाग यंत्रें लागत नाहींत. परंतु सांपळ्यांत जें आलें तेवढेंच त्या जमिनीवर आहे असें समजणें, ही मोठी फसगत होय. प्रत्येक सांपळा हा एक साक्षीदार आहे. आणि साक्षीदारानें जेथें उभें राहून जें पाहिलें, तेवढ्यापुरतीच त्याची साक्ष ग्राह्य असते. कोणता सांपळा कशाची साक्ष देतो, हें आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

सर्वांत साधा म्हणजे खड्ड्याचा सांपळा. जमिनींत एक पेला असा पुरावयाचा कीं, त्याची कड जमिनीच्या पातळीस अगदीं मिळून यावी. कड थोडीशी वर राहिली तरी मुंगी वळसा घालून निघून जाते. पेल्यांत थोडें द्रव ठेवतात. त्यांत साबणाचे दोन थेंब टाकले म्हणजे पृष्ठताण मोडतो व मुंगी तरंगत न राहतां बुडते. पूर्वी यासाठीं एथिलीन ग्लायकोल फार वापरीत. परंतु तें गोड विष असल्यामुळें कुत्रीं व गुरें तें पिऊन मरण्याची भीति असते, म्हणून प्रोपिलीन ग्लायकोल घेणें बरें. पावसापासून रक्षणासाठीं वर खुंट्यांवर आधारलेलें छपर ठेवावें. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ बार्बर यांनीं १९३१ सालीं गुहांतील कीटकांसाठीं अशा सांपळ्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि पुष्कळ ठिकाणीं तो त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

आतां हा पेला कशाची साक्ष देतो? समजा, मोकळ्या अंगणांतील पेल्यांत चाळीस मुंग्या आल्या आणि शेजारच्या दाट गवतांतील पेल्यांत दहाच आल्या. अंगणांत मुंग्या चौपट आहेत असें म्हणतां येईल काय? मुळींच नाहीं. गवताच्या काड्यांमधून वाट काढतांना मुंगीची चाल मंदावते, आणि जी कमी चालते ती पेल्यांत कमी पडते. उष्णतामानाप्रमाणेंही कीटकांची हालचाल कमीजास्त होते. सारांश, हा पेला मुंग्यांची संख्या मोजीत नसून त्यांचें चालणें मोजतो. यास्कांची व्युत्पत्ति येथें अक्षरशः खरी ठरते. आणखी एक गोष्ट ग्रीन्स्लेड यांनीं १९७३ सालीं दाखवून दिली: खड्डा नुकताच खणलेला असतांना त्यांत मुंग्या नेहमींपेक्षां अधिक येतात, कारण उकरलेल्या मातीनेंच त्या जागेंत खळबळ उडते. म्हणून जाणते लोक पेला पुरून कांहीं दिवस झांकून ठेवतात व माती स्थिर झाल्यावर मग उघडतात.

ज्या मुंग्या फार चालत नाहींत, कुजक्या पानांच्या थरांतच ज्यांचा सगळा संसार असतो, त्यांचें काय? त्यांच्याकरितां निराळी युक्ति आहे. इटलीचे बेर्लेसे यांनीं १९०५ सालीं एक नरसाळें तयार केलें. त्यांत चाळणीवर पालापाचोळा घालून नरसाळ्यास भोंवतीं ठेवलेल्या गरम पाण्यानें ऊब द्यावयाची. पाला सुकूं लागतांच त्यांतील जीव ओलावा शोधीत खालीं खालीं सरकतात व शेवटीं खालच्या बाटलींत पडतात. स्वीडनचे तुलग्रेन यांनीं १९१८ सालीं गरम पाण्याच्या जागीं विजेचा दिवा योजिला. रानांत वीज कोठून आणावी? तेथें विंक्लर यांच्या नांवाची कापडी पिशवी कामीं येते. पाला आधीं चाळून घेतात, तो जाळीच्या लहान पिशव्यांत भरतात व त्या मोठ्या कापडी पिशवींत टांगून ठेवतात. उष्णता मुळींच द्यावी लागत नाहीं; हवेनें पाला सुकतो आणि अस्वस्थ झालेले जीव बाहेर पडून तळच्या भांड्यांत येतात. ज्या चिमुकल्या मुंग्या खड्ड्याच्या सांपळ्यांत क्वचितच दिसतात, त्या येथें मोठ्या संख्येनें मिळतात.

झाडावरच्या मुंग्यांस हे दोन्ही उपाय पुरेसे नाहींत. कोंकणांत आंब्यावर पानें शिवून घरटीं करणाऱ्या तांबड्या मुंग्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. अशांसाठीं फांदीखालीं पांढरें कापड धरून फांदीवर काठीनें ठोकावें, किंवा आमिष ठेवावें. आमिषाची साक्ष मात्र आणखीच निराळी. त्यावर आधीं जी जात येते तीच शेवटपर्यंत टिकते असें नाहीं. मागून आलेली बलवान जात पहिलीस हुसकून लावते. म्हणून तासाभरानें एकदांच पाहणारास विजेता दिसतो, शोध लावणारी दिसत नाहीं.

'मुंगीला पंख फुटणें' हें आपण मरणाचें लक्षण मानतों. पंख असलेल्या नराच्या बाबतींत तें खरेंच आहे, कारण समागमानंतर तो फार जगत नाहीं. राणी मात्र पंख झाडून टाकते व नवें वारूळ वसवूं लागते. हे पंखवाले जीव रात्रीं दिव्याच्या सांपळ्यांत मिळतात. दिवसा उडणाऱ्या माशा, गांधिलमाशा इत्यादींसाठीं स्वीडनचे रेने मालेझ यांची योजना प्रसिद्ध आहे. तंबूंत शिरलेले कीटक वर चढत कोपऱ्यांत जमतात, हें पाहून त्यांनीं जाळीचा तंबूच सांपळा म्हणून बनविला व उंच कोपऱ्यास बाटली जोडली. ब्रह्मदेशांतील प्रवासांत त्याचा उपयोग करून १९३७ सालीं त्यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें.

इतक्या साक्षीदारांपैकीं कोणावर विश्वास ठेवावा? न्यायाधीश करतो तेंच येथें करावें. अनेकांची साक्ष घ्यावी व ती सर्वत्र एकाच पद्धतीनें घ्यावी. बेंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील राघवेंद्र गदगकर व त्यांचे सहकारी यांनीं उत्तर कन्नड जिल्ह्यांत, म्हणजे आपले जुने लोक ज्यास कारवार जिल्हा म्हणत तेथें, दिवा, हातजाळें, खड्डा व वासाचें आमिष अशा रीती एकत्र योजून कीटकांची पाहणी केली आणि ती १९९० सालीं मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकांत छापली. मुंग्यांपुरता एक जागतिक नियमही २००० सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला. २०० मीटर लांबीची सरळ रेषा आंखावी. दर १० मीटरांवर एक असे २० पेले पुरावे. त्याच रेषेवर २० ठिकाणीं एकेक चौरस मीटर पाला गोळा करून विंक्लरच्या पिशवींत घालावा. दोहोंस ४८ तास द्यावे. असें केलें म्हणजे आफ्रिकेंतील रानाची सह्याद्रीच्या रानाशीं तुलना करतां येते.

येथें आपल्या घरांतील वडील मंडळींच्या मनांत एक शंका येईल, व ती रास्त आहे. ज्या घरांत मुंग्यांस साखर घालतात, त्या घरच्या मुलानें मुंग्या बुडवून माराव्या काय? आपल्या धर्मशास्त्रानें ही अडचण पूर्वींच ओळखलेली आहे. चूल, जातें, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या पांच ठिकाणीं गृहस्थाच्या हातून नकळत हिंसा होते. त्यांस पंचसूना म्हणतात, आणि त्यांच्या निष्कृतीसाठीं पंचमहायज्ञ सांगितले आहेत. त्यांतील भूतयज्ञांत कृमिकीटकांनाही अन्नाचा वांटा आहे. शास्त्रज्ञाची हिंसा तर नकळत होणारी नव्हे. म्हणून तिची जबाबदारी अधिक. माझ्या मतें तिची निष्कृति एकच: घेतलेल्या जीवापासून ज्ञान निष्पन्न झालें पाहिजे. आणि तें होण्यासाठीं एक लहानशी चिठ्ठी लागते. मुंगी मद्यार्कांत ठेवावी किंवा त्रिकोणी कागदाच्या टोंकास चिकटवून टांचणीवर बसवावी. परंतु तिच्याजवळ स्थळ, तारीख, जागेचें स्वरूप, पकडण्याची रीत व पकडणाराचें नांव लिहिलेलें नसेल, तर ती मुंगी व्यर्थ मेली असें समजावें.

या चिठ्ठीचें मोल किती, याचें उदाहरण आपल्या पुण्याचेंच आहे. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यांतील रॉटन हे मुंग्यांचे मोठे संग्राहक होते. त्यांच्या मुंग्यांचा अभ्यास स्वित्झर्लंडचे फोरेल करीत. आणि पुण्यांत सांपडलेल्या एका चिमुकल्या मुंगीस फोरेल यांनीं १८९० सालीं रॉटन यांचें नांव दिलें. पुणें त्यानंतर किती बदललें हें सांगावयास नको. पण ती मुंगी त्या काळीं येथें होती, एवढें निःशंक सांगतां येतें, कारण स्थळ लिहून ठेवलेलें होतें.

घरच्या मुलांमुलींस मात्र मारण्याची गरजच नाहीं. त्यांनीं पेला कोरडा ठेवावा व सकाळीं मोजणी होतांच आंतील जीव सोडून द्यावे. गदगकरांच्या गांधिलमाशा पाहा. अंगावर रंगाचे ठिपके देऊन एकेक माशी वेगळी ओळखतां येते व तिचा दिनक्रम ती जिवंत असतांनाच लिहितां येतो. दोन कागद घ्यावे. एकावर गुळाचें पाणी शिंपडावें, दुसऱ्यावर चिमूटभर दाण्यांचें कूट ठेवावें. मग तासभर, दर दहा मिनिटांनीं, कोणत्या प्रकारच्या किती मुंग्या कोठें आहेत हें वहींत मांडावें. आधीं कोण आलें? शेवटीं कोण राहिलें? तोच प्रयोग संध्याकाळीं करावा, पावसाळ्यांत करावा, आजोळीं गेल्यावर तेथेंही करावा. एका तासाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढण्याची घाई करूं नये. आणि पानाच्या माथ्यावर स्थळ, तारीख व वेळ घालण्यास विसरूं नये.