खासगी सबनेट खासगी कशाने होतो

क्लाउडवर नेटवर्क उभारायचं काम आमच्याकडे कागदावर सुरू होतं. जळगावातल्या आमच्या छोट्या कार्यालयात टेबलावर आडवा कागद घ्यायचा, वर १०.२०.०.०/१६ लिहायचं आणि खाली रेघा मारत जायचं. या एका ओळीत ६५,५३६ पत्ते मावतात. एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरला एवढे पत्ते कशाला, असं नवीन आलेली मुलं विचारतातच. बांभोरीच्या नाहीतर शिरपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेल्या या मुलांना सबनेटिंगची गणितं तोंडपाठ असतात. पण ॲमेझॉनच्या क्लाउडवर एकदा केलेला सबनेट, म्हणजे नेटवर्कचा तुकडा, नंतर मोठा करता येत नाही की लहान करता येत नाही, हे परीक्षेत कोणी विचारत नाही. तो पाडून नव्याने बांधावा लागतो, आणि त्यात चालती यंत्रं असतील तर रात्रीची झोप गेलीच. म्हणून आधी कागद.

आमचे ग्राहक बहुतेक खानदेशातलेच. पतसंस्था, केळीचे व्यापारी, जिनिंगवाले. त्यांचे सर्व्हर मात्र मुंबईत असतात. ॲमेझॉनने मुंबईचा विभाग जून २०१६ मध्ये सुरू केला, तेव्हा तिथे दोन झोन होते. तिसरा २०१९ मध्ये आला. प्रत्येक झोनची वीज वेगळी, इमारती वेगळ्या, आणि एक सबनेट कायम एकाच झोनमध्ये राहतो. एक झोन बंद पडला तरी काउंटरवरचा ग्राहक ताटकळू नये, म्हणून आम्ही तिन्ही झोन घेतो आणि प्रत्येक झोनमध्ये तीन सबनेट करतो. बाहेरच्या जगाला दिसणारा सार्वजनिक, ॲप्लिकेशन चालवणाऱ्या यंत्रांचा खासगी, आणि डेटाबेसचा त्याहूनही बंदिस्त. असे नऊ.

कागदावर स्लॅश सोळाचे सोळा स्लॅश वीस पडतात. पहिल्या स्लॅश वीसमधून छोटे स्लॅश चोवीस काढायचे. १०.२०.०.०, १०.२०.१.० आणि १०.२०.२.० हे सार्वजनिक, १०.२०.८.० पासूनचे तीन डेटाबेसचे. पुढचे तीन स्लॅश वीस, म्हणजे १०.२०.१६.०, १०.२०.३२.० आणि १०.२०.४८.०, खासगी. गर्दी खासगीतच होते, म्हणून मोठी जागा त्यांना. प्रत्येक सबनेटमधले पहिले चार आणि शेवटचा एक असे पाच पत्ते ॲमेझॉन स्वतःकडे ठेवतं. त्यामुळे स्लॅश चोवीसमध्ये २५१ उरतात आणि स्लॅश वीसमध्ये ४,०९१. बाकीचे बारा स्लॅश वीस कोरे ठेवायचे. ही उधळपट्टी वाटते, पण खासगी पत्त्यांना पैसे पडत नाहीत. १९९६ मध्ये इंटरनेटच्या मानकांनी दहाने सुरू होणारे सगळे पत्ते अंतर्गत वापरासाठी मोकळे ठेवले, ते यासाठीच.

सुरुवातीचे आकडे निवडायला मात्र फार विचार लागतो, आणि इथे ग्राहकांच्या खानदेशातल्या शाखा मध्ये येतात. चोपडा, अमळनेर, शिरपूर, साक्री, कुठल्याही शाखेत जा. बाजारातून आणलेला राउटर डब्यातून काढून लावलेला असतो आणि त्याचं नेटवर्क असतं १९२.१६८.१.० नाहीतर १९२.१६८.०.०. शाखा सुटी असेपर्यंत त्यात काही बिघडत नाही. पण व्हीपीएनने सगळ्या शाखा क्लाउडला जोडायच्या म्हटलं की चोपड्याचा प्रिंटर आणि साक्रीचा संगणक एकाच पत्त्यावर उभे राहतात, आणि उत्तर नेमकं कोणाकडे पाठवायचं हे मुंबईला कळत नाही. क्लाउडवरची दोन नेटवर्क एकमेकांना जोडतानाही तेच. शिकवणीतलं उदाहरण जसंच्या तसं उचलून सगळीकडे १०.०.०.०/१६ टाकलेलं असेल, तर ती जोडता येतच नाहीत. आम्ही म्हणून एक वही ठेवली आहे. १०.२० मुंबईचं चालू काम, १०.३० चाचणीचं, १०.४० शाखांचं. त्या वहीत नोंद झाल्याशिवाय कोणी एक ओळही टंकत नाही.

आता सार्वजनिक आणि खासगी. पुष्कळांना वाटतं, सबनेट करताना एखादी खूण करायची असते आणि तो खासगी होतो. तसं काही नसतं. सबनेटला एक राउट टेबल लागतं आणि सगळं त्यातल्या एका ओळीवर ठरतं. ०.०.०.०/०, म्हणजे बाकीचं सगळं जग, या ओळीपुढे इंटरनेट गेटवे लिहिला असेल तर सबनेट सार्वजनिक. नॅट गेटवे असेल तर आतली यंत्रं बाहेर विचारू शकतात, पण बाहेरून कोणी आत शिरू शकत नाही, तो खासगी. ती ओळच नसेल तर यंत्राला जगाचा पत्ताच नाही. डेटाबेसला आम्ही असं ठेवतो.

हे समजावताना मी धुळ्याच्या मुलांना पांझरेवरच्या फडांची आठवण करून देतो. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपासून चालत आलेल्या फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी पाटाने फडांवर येतं, आणि यंदा कुठल्या फडात कुठलं पीक, हे गाव मिळून ठरवतं. एका फडात अनेकांची शेतं असतात, पण नियम फडाला लागतो. फडात जमीन असलेल्या प्रत्येकाला तोच. सबनेटमध्येही नियम यंत्राला लागत नाही, सबनेटला लागतो. एखाद्या यंत्राची वाट बदलायची तर त्याला दुसऱ्या सबनेटमध्ये न्यावं लागतं. साक्रीकडच्या मुलांना हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

हाताने केलेलं एक नेटवर्क आमच्याकडे दुरुस्तीला आलं होतं. कन्सोलमध्ये नावं अगदी व्यवस्थित, प्रायव्हेट एक, प्रायव्हेट दोन, प्रायव्हेट तीन. तिसऱ्याचं राउट टेबल उघडलं तर तिथे इंटरनेट गेटवे. झालं होतं असं की तिसरा सबनेट करताना त्याला टेबल जोडायचं राहून गेलं होतं. टेबल न जोडलेला सबनेट आपोआप मुख्य टेबलाकडे जातो, आणि त्या मुख्य टेबलात कोणीतरी कधीतरी बाहेरची वाट लिहून ठेवली होती. नाव खासगी, वाट सार्वजनिक. आत कोणाच्यातरी बचतीच्या नोंदी. नशिबाने त्या यंत्रांना सार्वजनिक पत्ता मिळालेला नव्हता, म्हणून निभावलं.

स्वयंचलन मला महत्त्वाचं वाटतं ते या कारणासाठी. वेळ वाचतो हे खरं, पण नऊ सबनेट हाताने करायला तरी किती वेळ लागतो? दुपारभराचं काम. खरी गोष्ट अशी की टेराफॉर्म या नेटवर्क उभारणाऱ्या साधनाच्या फाईलमध्ये नाव, आकडा, झोन आणि वाट एकाच ठिकाणाहून निघतात. आम्ही एक तक्ता लिहितो, त्यात प्रत्येक सबनेटची एक ओळ. ‘खासगी-अ’, झोन अ, प्रकार खासगी, क्रमांक एक. सायडरसबनेट हे फंक्शन त्या क्रमांकावरून १०.२०.१६.० काढतं, आणि प्रकारावरून राउट टेबल ठरतं. खासगी लिहिलेल्या ओळीला इंटरनेट गेटवे मिळूच शकत नाही, कारण तो देणारी ओळ फाईलमध्ये नाही. मुख्य टेबलही आम्ही फाईलच्या ताब्यात घेतो आणि रिकामं करून ठेवतो. कोणी काही जोडायचं विसरलं तर तो सबनेट बंद राहील, उघडा पडणार नाही.

फाईल लिहून झाली की टेराफॉर्म आधी बेत दाखवतं. शेवटची ओळ असते ती इतके जोडणार, इतके बदलणार, इतके पाडणार अशी. आमच्याकडची धुळ्याची सहकारी हा बेत वाचण्यात तरबेज आहे. ती आधी तिसरा आकडा बघते. एकदा एका जुन्या फाईलमधून वापरात नसलेला एक सबनेट काढायचा होता. बेताने एकाऐवजी तीन पाडायचे सांगितले.

“सर, हे यादीतल्या नंबरवर चालतंय,” ती म्हणाली. “पहिला काढला की दुसरा पहिल्याच्या जागी सरकतो.”

“मग अगं, पत्तेही बदलणार त्याचे.”

“पत्ते बदलणार, झोन बदलणार. म्हणून पाडून नव्याने करायला निघालाय.”

त्या फाईलमध्ये काउंट वापरलं होतं. काउंट प्रत्येक वस्तूला शून्य, एक, दोन असे क्रमांक देतं, आणि मधलं काही गेलं की मागचे सगळे सरकतात. फॉर-ईच वापरलं की प्रत्येक सबनेट स्वतःच्या नावाने ओळखला जातो. शेजारचा गेला तरी हा जागचा हलत नाही. आम्ही आधी जुन्या सबनेटांची नोंद मूव्हड ब्लॉक लिहून नव्या नावांखाली आणली, बेत पुन्हा काढला, आणि एकच पाडणार असं दिसल्यावर पुढे गेलो.

बेत मंजूर झाल्यावर तो आपापल्या लॅपटॉपवरून चालवायचा नाही, हा आमचा दुसरा कडक नियम. पारा पंचेचाळिशीकडे गेला की मे महिन्यात आमच्या भागातली वीज कधी जाईल सांगता येत नाही. इन्व्हर्टर लॅपटॉप सांभाळतो, पण राउटर बंद पडतो नाहीतर मोबाइलची रेंज जाते. नेमका तेव्हा बेत अर्ध्यावर असेल, तर सहा सबनेट झालेले, तीन राहिलेले, आणि नोंदवहीला म्हणजे स्टेट फाईलला कुलूप लागलेलं. हे कुलूप चांगल्या कारणासाठी असतं. दोघांनी एकाच वेळी बदल करू नयेत म्हणून. पण धनीच नाहीसा झाला की ते तसंच राहतं, आणि ते जबरदस्तीने उघडण्याआधी खरंच कोणी आत नाही ना, याची फोनाफोनी करावी लागते. म्हणून आमची स्टेट फाईल मुंबईत ठेवलेली आहे आणि बेत चालवणारं यंत्रही तिथेच आहे. इथे दिवे गेले तरी तिकडचं काम पुरं होतं.

पैशाचं थोडं. नॅट गेटवेला तासाचं भाडं असतं आणि त्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीचं वेगळं. चालू कामात प्रत्येक झोनला एक नॅट ठेवणं मला रास्त वाटतं. चाचणीच्या नेटवर्कला एक पुरतो, आणि आमच्या फाईलमध्ये तेवढा फरक एका शब्दाने होतो. रात्रीचे बॅकअप ॲमेझॉनच्या एसथ्री या साठवणीत जातात, ते नॅटमधून कशाला न्यायचे? त्यासाठीचा गेटवे एंडपॉइंट फुकट आहे, तरी पुष्कळ ठिकाणी तो बसवलेलाच नसतो. सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यालाही फेब्रुवारी २०२४ पासून तासाला ०.००५ डॉलर पडतात. उगाच सार्वजनिक केलेली यंत्रं आता निदान बिलात तरी दिसतात.

नेटवर्क उभं राहिलं की आम्ही तीन गोष्टी करून बघतो. खासगी सबनेटमधल्या यंत्रावरून बाहेरचं एक पान मागवायचं. ते यायला हवं. डेटाबेसच्या सबनेटमधून तेच मागवायचं. ते येता कामा नये. आणि कार्यालयातल्या साध्या इंटरनेटवरून खासगी यंत्राला हाक मारायची. उत्तर मिळता कामा नये. चौथी तपासणी यंत्रच करतं. कोणीही फाईल बदलली की खासगी लिहिलेल्या प्रत्येक सबनेटचं राउट टेबल वाचलं जातं, आणि त्यात इंटरनेट गेटवे सापडला तर बदल तिथेच अडतो. ही तपासणी मागच्या वेळी हिरवी झाली तेव्हा आमच्यातला एक जण साक्रीच्या शाखेत राउटर उघडून बसला होता, १९२.१६८.१.० खोडून १०.४०.७.० लिहायला. प्रिंटरचा पत्ता बदलायचा तेवढा राहिला होता.