आलेखसंयोजन, सांख्यिकीय

निरनिराळ्या आलेखन प्रणालींनी काढलेले सांख्यिकीय आलेख एकाच पृष्ठावर, परस्परांशी तुलना करता येईल अशा रीतीने मांडण्याच्या क्रियेस आलेखसंयोजन म्हणतात. हा प्रश्न विशेषतः ‘आर’ या सांख्यिकीय संगणकभाषेत उद्‌भवतो, कारण तीत एकाहून अधिक आलेखन प्रणाली प्रचारात आहेत.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये ‘एस’ या भाषेच्या कामास आरंभ केला. तिच्या धर्तीवर न्यूझीलंडमधील ऑक्लंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी आर ही भाषा निर्माण केली; तिची १.० ही आवृत्ती २००० मध्ये प्रसृत झाली. तिच्यातील मूळ आलेखन प्रणाली एसच्या परंपरेतील आहे. पुढे पॉल मरेल यांनी ‘ग्रिड’ ही दुसरी प्रणाली रचली. दीपायन सरकार यांची ‘लॅटिस’ व हॅडली विकम यांची ‘जीजीप्लॉट२’ (२००७) या आज्ञावली ग्रिडवर आधारलेल्या आहेत.

दोन्ही प्रणालींचे आलेख दिसावयास सारखे असले, तरी त्यांची घडण भिन्न असते. मूळ प्रणालीत आदेश मिळताच रेषा उमटते. कागदावर शाईने काढलेल्या रेषेप्रमाणे तीत नंतर भर घालता येते, परंतु ती हलविता येत नाही. ग्रिडमध्ये रेषा, अक्षर व अक्ष या स्वतंत्र वस्तू मानल्या जातात. त्या एकात एक बसविलेल्या चौकटींत ठेवता येतात व नंतर बदलताही येतात. मूळ प्रणालीस पृष्ठाचे दोन भाग करण्याचा आदेश दिला, तरी ग्रिडला त्या विभागणीची माहिती नसते. त्यामुळे जीजीप्लॉट२ चा आलेख शेजारच्या रिकाम्या भागात न उतरता नव्या पृष्ठावर उमटतो.

पद्धती : संयोजनाच्या तीन प्रमुख पद्धती आहेत. (१) मरेल यांच्या ‘ग्रिडबेस’ या आज्ञावलीने दोन प्रणालींच्या चौकटी एकमेकींशी जुळवून घेतात. (२) त्यांच्याच ‘ग्रिडग्राफिक्स’ या आज्ञावलीने मूळ प्रणालीतील आदेशांची साठवलेली यादी वाचून तोच आलेख ग्रिडमध्ये पुन्हा काढतात. मग सर्व आलेख एकाच जातीचे होतात. (३) प्रत्येक आलेख वेगळा साठवून पृष्ठरचनेच्या वेळी एकत्र आणतात. ही रीत सोपी आहे. तथापि आलेख लहानमोठे करताना अक्षरांचे आकार विषम होतात आणि माहिती बदलल्यास सर्व काम पुन्हा करावे लागते.

अचूकता : आलेख शेजारी आले म्हणजे ते तुलनायोग्य झाले असे नव्हे. आरसोबत मिळणाऱ्या एका माहितीसंचात न्यूयॉर्क येथील मे ते सप्टेंबर १९७३ या १५३ दिवसांच्या ओझोन, तापमान इत्यादींच्या नोंदी आहेत. ओझोनचा आलेख मूळ प्रणालीने व तापमानाचा जीजीप्लॉट२ ने काढून एकाखाली एक ठेवल्यास एकच दिवस दोहोंत एका उभ्या रेषेवर येत नाही. उभ्या अक्षावरील आकड्यांसाठी सोडलेली जागा भिन्न असते, हे याचे एक कारण होय. दुसरे कारण सहज लक्षात येत नाही : अक्षाच्या दोन्ही टोकांस मूळ प्रणाली माहितीच्या पल्ल्याच्या ४ टक्के, तर जीजीप्लॉट२ ५ टक्के जागा आपोआप सोडते. त्यामुळे दोन्ही आलेखक्षेत्रे १० सेंमी. रुंद व नेमकी एकाखाली एक असली, तरी पहिला दिवस वरच्या आलेखात डाव्या कडेपासून ३.७ मिमी. अंतरावर, तर खालच्यात ४.५ मिमी. अंतरावर पडतो. हा फरक एका दिवसाहून अधिक असल्याने, एकाच दिवशी आलेली दोन शिखरे मागेपुढे आल्याचा भास होऊ शकतो आणि त्यावरून कार्यकारणाविषयी चुकीचे अनुमान निघू शकते.

म्हणून संयोजनापूर्वी दोन्ही आलेखांच्या अक्षांच्या मर्यादा, टोकांची मोकळी जागा व समास स्पष्टपणे निश्चित करून देणे आवश्यक असते. शक्य तेथे सर्व आलेख एकाच प्रणालीत काढणे अधिक श्रेयस्कर ठरते.