उत्तरभागाची पत आणि चित्रपटव्यवसायाची पत : 'दगडी चाळ २' व कोरियन गुन्हेगारीपटांच्या निमित्ताने

प्रस्तावना

एखादा चित्रपट लोकप्रिय झाला की त्याचा पुढचा भाग काढण्याचा मोह निर्मात्याला होतो. त्यात नवे काही नाही. परंतु व्यवसाय अडचणीत असताना उत्तरभागांची संख्या वाढू लागते, तेव्हा त्या घटनेकडे केवळ कलात्मक दृष्टीने पाहून चालत नाही. उत्तरभाग हा त्या व्यवसायाच्या आर्थिक प्रकृतीचा निदर्शकही असतो. प्रस्तुत लेखात 'दगडी चाळ २' (२०२२) हा मराठी गुन्हेगारीपट आणि त्याच वर्षी प्रदर्शित झालेला 'द राउंडअप' हा दक्षिण कोरियातील गुन्हेगारीपट यांच्या आधारे एका प्रश्नाचा विचार केला आहे. उत्तरभाग व्यवसायाला सावरू शकतो काय, आणि सावरू शकत असल्यास कोणत्या परिस्थितीत?

दोन श्रमिक वस्त्या, दोन गुन्हेगारीपट

'दगडी चाळ' हा चंद्रकांत कणसे दिग्दर्शित चित्रपट २ ऑक्टोबर २०१५ रोजी प्रदर्शित झाला. भायखळ्याची दगडी चाळ आणि अरुण गवळी यांच्याविषयीच्या लोकस्मृतीवर त्याची उभारणी झालेली आहे. मकरंद देशपांडे यांनी साकारलेले 'डॅडी' आणि त्यांच्या वर्तुळात ओढला गेलेला अंकुश चौधरी यांचा 'सूर्या' ही त्यातील मध्यवर्ती पात्रे होत. या कथेमागे गिरणगावाचा इतिहास उभा आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर कामगार वस्त्यांतील रोजगार उद्ध्वस्त झाला. त्यानंतर वाढलेल्या तरुणांची घालमेल मराठी प्रेक्षकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

'द राउंडअप'चा पूर्वभाग 'द आउटलॉज' हा २०१७ चा. सोल शहरातील गारिबोंग-दोंग ही जुन्या कारखानी पट्ट्यालगतची वस्ती. तेथे चीनमधून आलेल्या कोरियन वंशाच्या मजुरांची मोठी वसाहत आहे. २००४ च्या सुमारास तेथील टोळ्यांविरुद्ध पोलिसांनी केलेल्या कारवाईचा आधार या चित्रपटाला आहे. म्हणजे दोन्ही चित्रपटांचे मूळ एकाच प्रकारच्या भूमीत आहे. एक श्रमिक वस्ती, तिची पडझड आणि त्यातून उगवलेली गुन्हेगारी.

साम्य मात्र येथे संपते. कोरियन चित्रपटाचा नायक पोलीस आहे. मा दोंग-सोक यांनी रंगविलेला हा गुप्तहेर प्रत्येक भागात नव्या खलनायकाशी सामना करतो. नायक कायम आणि खलनायक नवा, या रचनेमुळे मालिका कितीही लांबविता येते. 'दगडी चाळ'चा नायक टोळीच्या परिघातला आहे. त्याच्या कथेला स्वाभाविक शेवट आहे. एक तर त्याने त्या जगातून बाहेर पडावे किंवा त्यात संपून जावे. त्यामुळे दुसऱ्या भागाला नव्या गोष्टीपेक्षा जुन्या नात्याचा हिशेब पूर्ण करावा लागतो. पहिली रचना मालिकेची आहे, तर दुसरी कथापूर्तीची. गुणवत्तेचा निवाडा येथे करावयाचा नाही. तथापि व्यवसायाच्या दृष्टीने मालिका हे दीर्घकाळ पीक देणारे शेत आहे आणि कथापूर्ती हे एकदाच काढावयाचे पीक आहे, हा भेद महत्त्वाचा ठरतो.

तीन आठवड्यांत चार उत्तरभाग

'दगडी चाळ २' हा १८ ऑगस्ट २०२२ रोजी प्रदर्शित झाला. त्याच दिवशी 'टकाटक २' हा आणखी एक मराठी उत्तरभागही पडद्यावर आला. त्यापूर्वी २९ जुलै रोजी 'टाइमपास ३' आणि ५ ऑगस्ट रोजी 'दे धक्का २' प्रदर्शित झाले होते. म्हणजे अवघ्या तीन आठवड्यांत चार मराठी उत्तरभाग तिकीटबारीवर उभे होते. याच काळात, ११ ऑगस्टला, 'लालसिंग चड्ढा' आणि 'रक्षाबंधन' हे दोन मोठे हिंदी चित्रपट आले होते.

हा योगायोग उलगडून पाहण्याजोगा आहे. महामारीत चित्रपटगृहे दीर्घकाळ बंद राहिली. प्रेक्षक परत येईल की नाही, याची खात्री कोणालाच नव्हती. अशा वेळी अनोळखी नावापेक्षा ओळखीचे नाव सुरक्षित वाटते. पूर्वभागाने प्रेक्षकाच्या मनात जमा केलेला विश्वास ही निर्मात्याची पत असते आणि उत्तरभाग हे त्या पतीवर उचललेले कर्ज असते. परंतु सर्वांनी एकाच हंगामात कर्ज उचलले आणि बाजारात खेळांची संख्या मर्यादित असली, तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येणार. हिंदी चित्रपटांनी पडदे व्यापल्यानंतर जे खेळ उरतात, त्यांतच मराठी चित्रपटांना आपापसांत वाटणी करावी लागते. येथे मराठी उत्तरभागाचा स्पर्धक मराठी उत्तरभागच ठरला.

कोरियातील चित्र

त्याच वर्षी मे महिन्यात प्रदर्शित झालेल्या 'द राउंडअप'ला १ कोटी २६ लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले. पूर्वभागाला सुमारे ६८ लाख प्रेक्षक मिळाले होते. पुढे २०२३ आणि २०२४ मधील तिसऱ्या व चौथ्या भागांनीही प्रत्येकी १ कोटीचा टप्पा ओलांडला. दक्षिण कोरियाची लोकसंख्या सुमारे ५ कोटी २० लाख आहे, तर २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाख आहे. हे आकडे शेजारी ठेवले असता प्रेक्षकसंख्येच्या अभावाची सबब टिकत नाही.

कोरियन चित्रपटाच्या पाठीशी दीर्घकाळ घडविलेली व्यवस्था आहे. प्रत्येक चित्रपटगृहाने वर्षातील ठरावीक दिवस देशी चित्रपट दाखविलाच पाहिजे, असा तेथे नियम आहे. हे दिवस पूर्वी १४६ होते, ते २००६ मध्ये ७३ करण्यात आले. तिकिटाच्या रकमेवर ३ टक्के आकारणी करून चित्रपट विकास निधी उभारण्याची पद्धत २००७ मध्ये सुरू झाली. या आकारणीचे मर्म असे की ती परदेशी चित्रपटाच्या तिकिटावरही होती. हॉलिवूडचा चित्रपट गाजला तरी त्यातील काही अंश देशी चित्रपटाच्या निधीत येत असे.

असे असूनही कोरियन व्यवसाय आज संकटात आहे. २०१९ मध्ये तेथे सुमारे २२ कोटी ६७ लाख तिकिटे विकली गेली होती. २०२४ मध्ये ती संख्या सुमारे १२ कोटी ३० लाखांवर आली. 'द राउंडअप'च्या चौथ्या भागाने प्रदर्शनाच्या प्रारंभी देशातील बहुतांश खेळ व्यापले, तेव्हा इतर चित्रपटांनी जावे कोठे, हा वाद तेथेही झाला. म्हणजे उत्तरभागाने चित्रपटगृहांचे दिवे चालू ठेवले, पण मध्यम खर्चाच्या चित्रपटांची जागा त्यामुळे परत मिळाली नाही.

महाराष्ट्रातील व्यवस्था

महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना त्यांच्या दर्जानुसार अनुदान देते. हे साहाय्य निर्मितीला मिळते. मात्र चित्रपट प्रेक्षकापर्यंत पोहोचण्याची वाट त्यातून रुंद होत नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये मल्टिप्लेक्समध्ये सायंकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखविणे बंधनकारक करण्याची घोषणा झाली. वादानंतर ही वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल करण्यात आली. दुपारी बाराचा खेळ नोकरदार व शेतकरी प्रेक्षकाच्या कितपत कामाचा, हे सांगण्याची गरज नाही.

दुसरा बदल कराचा. पूर्वी राज्यात मराठी चित्रपटाला करमणूक कर माफ होता आणि हिंदी चित्रपटावर तो ४५ टक्क्यांपर्यंत होता. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि भाषेनुसार असलेला हा फरक नाहीसा झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर ५ टक्के करण्यात आला. हा दिलासा स्वस्त तिकिटाच्या चित्रपटगृहांना आहे, पण अशी चित्रपटगृहेच तालुक्याच्या ठिकाणी विरळ होत गेली आहेत.

तिसरी बाब हिंदीची. कोरियासाठी हॉलिवूड परके आहे. मराठीसाठी हिंदी परकी नाही. ती मुंबईतच घडते आणि मराठी प्रेक्षकाला समजते. त्यामुळे मराठीने कमावलेली पतही हिंदीकडे सहज वळते. 'सैराट' (२०१६) हा १०० कोटींचा टप्पा गाठणारा पहिला मराठी चित्रपट. त्याचे हिंदी रूप 'धडक' (२०१८) आले आणि २०२५ मध्ये 'धडक २'ही आला. या दुसऱ्या चित्रपटाची कथा तर तमिळ चित्रपटावरून घेतलेली होती. मराठी यशातून निर्माण झालेल्या नावाचा 'उत्तरभाग' असा हिंदीत निघाला.

खानदेशच्या संदर्भात

नरडाणा हे मुंबई–आग्रा महामार्गावरील आणि सुरत–भुसावळ लोहमार्गावरील गाव. मालाची वाहतूक येथून अहोरात्र चालते. चित्रपटाची वाहतूक मात्र जिल्ह्याच्या शहरापाशी थांबते. धुळे व जळगाव या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ मध्ये ६२ लाखांहून अधिक होती. या प्रेक्षकाला मराठी उत्तरभागाची जाहिरात मोबाइलवर त्याच दिवशी दिसते, पण खेळ सोयीच्या वेळी व अंतरावर मिळेलच असे नाही. अशा वेळी तो चित्रपट घरच्या पडद्यावर येण्याची वाट पाहतो आणि तिकीटबारीच्या हिशेबातून वगळला जातो.

पूर्वी ही उणीव जत्रेतील तंबूंनी भरून काढली होती. महाराष्ट्रातील फिरत्या टॉकीजची अखेरची धडपड 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या माहितीपटात नोंदली गेली आहे. शेजारच्या मालेगावचे उदाहरणही बोलके आहे. नासिर शेख यांनी तुटपुंज्या साधनांत 'मालेगाव के शोले' तयार केला. तो चालला, कारण तो दाखविणारी व्हिडिओगृहे प्रेक्षकाच्या वस्तीत आणि त्याच्या खिशाच्या आवाक्यात होती. जेथे प्रदर्शन जवळ असते, तेथे निर्मितीही धीर करते.

समारोप

उत्तरभाग व्यवसायाला सावरत नाही. तो पूर्वी साठविलेली पत खर्च करतो. त्या खर्चातून नवी पत निर्माण व्हावयाची असेल, तर तिकिटाचा काही अंश पुढच्या, अनोळखी चित्रपटाकडे वळविणारी वाट असावी लागते. कोरियाने अशी वाट बांधली आणि तरीही तिची डागडुजी करण्याची वेळ त्याच्यावर आली. महाराष्ट्रात ती पूर्णपणे बांधली गेलेलीच नाही. म्हणून अनुदानाचा काही भाग तालुका पातळीवरील लहान, स्वस्त चित्रपटगृहांकडे वळविणे, सायंकाळच्या खेळांची अट परिणामकारक करणे आणि राज्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक भाषेच्या तिकिटातून मराठी प्रदर्शनासाठी अल्पसा निधी उभारणे, या तीन दिशांनी विचार होणे आवश्यक वाटते. तसे झाले नाही, तर 'दगडी चाळ'चे आणखी भाग निघतील. पण ज्याचा पुढचा भाग काढावा असा नवा पहिला भाग निघणे अवघड होत जाईल.