थंडीचा घाम
(लेखांक ७)

मागच्या आठवड्यात आपण प्रोसेसरवर तांब्याचं भांडं बसवलं आणि त्यात उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन ओतला. त्यावर बऱ्याच जणांच्या मनात एकच शंका येते: इतक्या गारठ्यात मदरबोर्डवर पाणी येतं कुठून? नायट्रोजनमधून नक्कीच नाही. येतं ते खोलीतल्या हवेतून. फ्रिजमधली बाटली ओट्यावर ठेवली की तिला घाम फुटतो, तसंच. (माठाचं उदाहरण इथे चालत नाही, तो आतून पाझरतो.)

हवा २५ अंशांची आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर सुमारे १७ अंशांपेक्षा गार पृष्ठभागावर दव धरतं. पावसाळ्यात ३० अंश आणि ८० टक्के असेल, तर २६ अंशही पुरतात. म्हणजे बर्फाच्या पाण्यावर चालवलेलं साधं कूलिंगसुद्धा जुलैतल्या मुंबईत धोक्याचं. उणे शंभराला तर दवाऐवजी थेट हिम धरतं, थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दिसतं तसं.

गंमत अशी, की हे हिम गोठलेलं असेपर्यंत फारसं बिघडत नाही. बिघडतं ते वितळताना. शुद्ध पाण्यातून वीज जेमतेमच वाहते. पण बोर्डावरची धूळ आणि सोल्डरिंगचे अवशेष त्यात विरघळले की शॉर्ट झालाच म्हणून समजा.

म्हणून खरी लढाई पाण्याशी नाही, हवेशी आहे. गार जागेपर्यंत हवा पोचूच द्यायची नाही. सॉकेटभोवतीच्या खाचाखोचांत चित्रकारांचा मळता येणारा मऊ खोडरबर दाबून बसवतात. काही जण सॉकेट आणि स्लॉट चक्क व्हॅसलिनने भरतात. दिसायला किळसवाणं, पण त्यातून वीज वाहत नाही आणि हवेला जागाही उरत नाही. भांड्याभोवती एसीच्या नळ्यांवर असतो तसा काळा फोम गुंडाळायचा. त्याचे कप्पे बंद असतात, म्हणून तो पाणी पीत नाही. साधा स्पंज पितो. वर टिपकागदाचे थर, ओले झाले की बदलायचे. नवखे विसरतात ती बोर्डाची मागची बाजू. बोर्डातल्या तांब्याच्या थरांतून गारवा तिथवर पोचतो आणि दव गुपचूप मागे जमतं.

हवा कोरडी राहावी म्हणून खोली बंद करून एसी लावायचा मोह होतो. तो टाळाच. एक लिटर द्रव नायट्रोजनचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो आणि बंद खोलीतला ऑक्सिजन विरळ करत जातो; गुदमरायला लागलंय हे कळतही नाही. खिडक्या उघड्या ठेवा, मग टिपकागद दुप्पट लागला तरी चालेल.

काम संपलं की आधी वीज बंद करा आणि भांडं हॉट एअर गनने खोलीच्या तापमानाच्या थोडं वर आणा. मग सगळं सोडवा, पुसा आणि बोर्ड रात्रभर पंख्याखाली वाळू द्या. व्हॅसलिन काढायला मात्र अख्खा रविवार मोडतो.