उमेदवारानें मोठी देणगी घ्यावी काय ?

निवडणुकीचा हंगाम आला म्हणजे गांवोगांवच्या चावडीवर आणि पारावर एक प्रश्न हटकून निघतो : अमक्याच्या पाठीशीं कोण आहे ? पाठीशीं कोणता विचार आहे असें कोणी विचारीत नाहीं. पैसा कोणाचा आहे, हाच त्या प्रश्नाचा सरळ अर्थ असतो. शेतकरी मनुष्य इतर गोष्टींत कितीहि भोळा असला तरी पैसा कोठून आला हें ओळखण्यांत तो सहसा चुकत नाहीं. म्हणून निवडणुकीच्या खर्चासाठीं उमेदवारानें एकाच धनिकाकडून मोठी रक्कम घ्यावी कीं न घ्यावी, ह्या विषयाचा थोडा विचार वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटलें. आम्ही कायदेपंडित नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. निवडणूक आली कीं तिचें ओझें बहुतेक महसूल खात्याच्याच खांद्यावर येतें. त्यामुळें उमेदवारांच्या हिशेबाच्या वह्या आमच्या हाताखालून गेल्या आहेत, एवढाच आमचा अधिकार.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या ७७ व्या कलमानें उमेदवारानें नामनिर्देशनाच्या दिवसापासून निकाल जाहीर होईपर्यंतच्या खर्चाचा हिशेब ठेवावयाचा असतो, व ७८ व्या कलमानें तो निकालानंतर ३० दिवसांच्या आंत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करावयाचा असतो. जो करणार नाहीं त्यास निवडणूक आयोग ३ वर्षांपर्यंत अपात्र ठरवूं शकतो. खर्चासहि मर्यादा आहे. २०२२ च्या जानेवारींत ठरलेल्या दरानें मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवारास ९५ लाख रुपये व विधानसभेच्या उमेदवारास ४० लाख रुपये. हिशेबाच्या वहीचे तीन भाग : पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँकेचा व्यवहार. निवडणुकीसाठीं निराळें खातें उघडावें लागतें. प्रचाराच्या काळांत ही वही किमान तीन वेळां तपासली जाते, आणि कार्यालयांत तिच्यासमोर आमची एक छाया-नोंदवही असते. उमेदवारानें लिहिलेल्या शंभर खुर्च्या व आमच्या माणसांनीं मोजलेल्या पांचशें खुर्च्या ह्यांचा मेळ तेथें घालावयाचा. खुर्ची, मांडव, चहाचा पेला, प्रत्येकाचा दर जिल्ह्यानें आधींच ठरविलेला असतो. ह्या तपासणींत आम्हीं कित्येक रात्री जागून काढल्या आहेत. आणि आठशें माणसांच्या सभेस चाळीस पेले चहा पुरला, असा चमत्कारहि कागदावर पाहिला आहे.

आतां वाचकांनीं एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. ही सर्व बंधनें खर्च करण्यावर आहेत, घेण्यावर नाहींत. परदेशचा पैसा उमेदवारास वर्ज्य आहे, हें खरें. परंतु आपल्याच देशांतील एका मनुष्यानें एका उमेदवारास जास्तींत जास्त किती द्यावें, ह्याची मर्यादा अधिनियमांत नाहीं. चाळीस लाख चारशें जणांनीं मिळून दिले काय, आणि एका ठेकेदारानें एकट्यानें दिले काय, वही दोन्हीकडे सारखीच जुळते. आमच्या लाल पेन्सिलीला तेथें कांहीं काम उरत नाहीं.

दुसरी वाट पक्षाच्या दारानें जाते. उमेदवाराच्या खर्चास मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चास नाहीं. दिल्लीच्या सदर मतदारसंघांतील १९७१ च्या निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां १९७४ च्या ऑक्टोबरांत न्यायालयानें असें ठरविलें कीं, पक्षानें एखाद्या उमेदवारासाठीं केलेला खर्चहि त्या उमेदवाराच्याच नांवें धरला पाहिजे. निर्णय सरळ होता, परंतु तो फार दिवस टिकूं दिला नाहीं. त्याच वर्षीं कायद्यांत पुस्ती जोडून पक्षाचा व मित्रांचा खर्च उमेदवाराच्या हिशेबांतून वगळण्यांत आला, व ही पळवाट २००३ सालापर्यंत उघडीच होती. त्यानंतरहि पुढाऱ्यांच्या विमानप्रवासाचा व पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराचा खर्च बाहेर राहिला तो राहिलाच.

कंपन्यांच्या देणग्यांचा इतिहास तर ह्याहून बोधप्रद आहे. १९५७ सालीं टाटांच्या पोलाद कंपनीनें राजकीय पक्षांस देणगी देतां यावी म्हणून आपल्या घटनेंत बदल करण्याची परवानगी मुंबई उच्च न्यायालयाकडे मागितली. एका भागीदारानें हरकत घेतली. कायद्यांत मनाई नव्हती, म्हणून मुख्य न्यायमूर्ति छागला ह्यांस परवानगी द्यावी लागली. परंतु पैशाच्या ह्या वाढत्या वजनाखालीं लोकशाही गुदमरण्याचा संभव आहे, असा इशारा त्यांनीं निकालपत्रांतच देऊन ठेविला. पुढें १९६० सालीं कंपनीस मर्यादा घातली गेली : सरासरी नफ्याच्या शेंकडा ५ किंवा २५ हजार रुपये, ह्यांपैकीं जें अधिक असेल तें. १९६९ सालीं कंपन्यांच्या देणग्यांस पूर्ण बंदी झाली. १९८५ सालीं बंदी उठून पुन्हां नफ्याच्या शेंकडा ५ ची मर्यादा आली, २०१३ सालीं ती साडेसात झाली, आणि २०१७ सालीं मर्यादाच नाहींशी झाली. ज्या कंपनीस नफाच नाहीं तिनेंहि देणगी द्यावी, असा अर्थ त्यांतून निघाला. तोट्यांत चाललेला कारखाना पक्षाला देणगी देतो म्हणजे ती कोणाच्या खिशांतून व कशाच्या आशेनें, हें ऊस घालून बिलाची वाट पाहणाऱ्यास समजावून सांगावें लागत नाहीं.

त्याच मालिकेंतले निवडणूक रोखे. २ जानेवारी २०१८ रोजीं ही योजना निघाली. स्टेट बँकेकडून हजार रुपयांपासून एक कोटीपर्यंतचे रोखे विकत घ्यावे, पक्षास द्यावे, व पक्षानें १५ दिवसांच्या आंत वटवावे. रोख्यावर देणाऱ्याचें नांव नसे. देणारा जाणे, पक्ष जाणे, बँकेचें दप्तर जाणे; मत देणारानें मात्र जाणूं नये, अशी ती रचना होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं एकमतानें ती घटनाबाह्य ठरविली, व कंपन्यांच्या देणगीची मर्यादा काढणेंहि रद्द केलें. पक्षाला पैसा कोण देतो हें जाणण्याचा मतदारास अधिकार आहे, हें त्या निकालाचें सार. पुढें मार्चांत याद्या प्रसिद्ध झाल्या तेव्हां सर्वांत मोठी खरेदी, १३६८ कोटींची, लॉटरीच्या धंद्यांतील एका कंपनीची निघाली. वाचकांनीं ह्या आंकड्याशेजारीं आपल्या सातबाऱ्यावरील पीककर्ज मांडून पाहावें.

इतकें असूनहि दुसरी बाजू आहे आणि ती दुबळी नाहीं. मोठी देणगी घेऊंच नये असा दंडक घातला तर निवडणुकीस उभें कोण राहील ? ज्याच्या घरचा पैसा आहे तोच. गरीब पण लायक मनुष्यानें गाडीभाडें, पत्रकें, मांडव, ध्वनिक्षेपक ह्यांचा खर्च कोठून करावा ? त्यास एखाद्या सज्जन धनिकानें हात दिला तर त्यांत पाप कोणतें ? ह्यावर सरकारनेंच मदत करावी असा उपाय सुचविला जातो. १९९८ सालच्या इंद्रजित गुप्त समितीनें मान्यताप्राप्त पक्षांस वस्तुरूपानें अशी मदत द्यावी असें सुचविलेंहि होतें. तें सर्व कागदावरच आहे, म्हणून त्यावर आम्ही शाई खर्च करीत नाहीं. परंतु गरीब उमेदवाराचा प्रश्न खरा आहे, आणि आमच्या स्वतःच्या घरांत तो आमच्यापुढें उभा राहिला, तो वृत्तांत सांगतों.

आमच्या पुतण्यानें पंचायत समितीची निवडणूक लढविली. मुलगा शिकलेला, कष्टाळू. घरची जमीन साडेतीन एकर. हिशेब आमच्याकडे होता. प्रचार ऐन भरांत असतां गांवापासून दोन कोसांवर ज्याचें खडीचें क्रशर आहे त्या गृहस्थानें दीड लाख रुपयांचा धनादेश आणून दिला. व्यवहार चोख, चोरटेपणा कांहीं नाहीं. आम्हीं म्हटलें, “परत कर.” तो म्हणाला, “काका, त्यानें कांहीं मागितलें नाहीं, आणि धनादेश आहे, रोकड नाहीं. तुमच्याच वहींत लिहा.” आम्हीं लिहिलें. पोर निवडून आलें.

त्या गृहस्थानें पुढेंहि कधीं कांहीं मागितलें नाहीं, हें आम्ही प्रामाणिकपणें नमूद करतों. परंतु दुसऱ्या वर्षीं क्रशरची धूळ उडून शेजारच्या डाळिंबांवर बसूं लागली. फळ राखेंत लोळल्यासारखें दिसे. बाजारांत व्यापाऱ्यानें भाव निम्म्यावर आणला. अकरा शेतकऱ्यांनीं अर्ज केला व पंचनाम्यासाठीं तहसिलींत बरोबर चल, म्हणून पुतण्याकडे आले. तो नाहीं म्हणाला नाहीं. आज बैठक आहे, उद्यां लग्न आहे, परवां साहेब रजेवर आहेत. असें होतां होतां तीन महिने गेले आणि डाळिंबाचा बहार संपला. त्या अकरांत आमचे सख्खे व्याही होते. एका रात्रीं आम्हीं त्यास विचारलें तेव्हां तो बराच वेळ गप्प बसला, आणि म्हणाला, “त्याचा चेहरा डोळ्यांपुढें येतो, काका.”

लांच घेणारास पकडण्यासाठीं खातें आहे. ह्या प्रकारास खातें नाहीं, कारण येथें गुन्हा कोणताच झाला नाहीं. उभ्या पिकावर उचल देणारा सावकार भावाची गोष्ट उचल देतांना काढीतच नाहीं. खळ्यावर माप घालण्याच्या वेळीं तो नुसता येऊन बसतो. मोठ्या देणगीचें वजन असें न बोलतां पडतें. म्हणून “त्यानें कांहीं मागितलें नाहीं” हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. आणि दोष मोठ्या रकमेचा म्हणण्यापेक्षां एकट्याच्या रकमेचा आहे, असें आमचें मत झालें आहे.

ह्यावर उपाय शोधतांना आम्हांस आपलाच सहकाराचा कायदा आठवला. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानें सभासदाचे भाग कितीहि असोत, त्यास मत एकच. आणि सामान्य सभासदास संस्थेच्या एकूण भागभांडवलाच्या एक-पंचमांशाहून अधिक भाग धारण करतां येत नाहींत. संस्थेस भांडवल हवें असतें, तरीहि एकट्याच्या हातीं ती जाऊं नये म्हणून कायद्यानें हें कुंपण घातलें. निवडणुकीच्या कायद्यांत असें कुंपण नाहीं, पण उमेदवारास तें स्वतःभोंवतीं घालून घेण्यास कोणाची आडकाठी आहे ? खर्चाचा अंदाज आधीं करावा. कोणा एकाची रक्कम त्याच्या विसाव्या भागाहून अधिक घेऊं नये. आणि देणाऱ्यांची यादी रकमांसह मतदानापूर्वीं चावडीवर लावावी. निकालानंतर दप्तरांत जाणारी यादी मत देणाराच्या कामाची नाहीं. विसावा भागच कां, असें कोणी विचारील तर दहावा म्हणावा. आंकड्याबद्दल आमचा आग्रह नाहीं, यादीबद्दल आहे. जत्रेची वर्गणी देणाऱ्यांचीं नांवें आपण देवळाच्या भिंतीवर लिहितों, आणि तेथें कमी देणारास लाज वाटत नाहीं व जास्त देणारा देवळाचा मालक होत नाहीं.

हिशेबानें हें जमतें काय, हेंहि आम्हीं मांडून पाहिलें. पुतण्याच्या गणांत मागील खेपेस सुमारें नऊ हजार मतें पडलीं होतीं. त्यांतल्या एक हजार घरांनीं दोनशें रुपये दिले तरी दोन लाख होतात. म्हणजे क्रशरवाल्याच्या धनादेशाहून पन्नास हजार अधिक. कष्ट मात्र फार. हजार दारें चढावीं लागतात, आणि प्रत्येक दारांत मागील पांच वर्षांचा जाब द्यावा लागतो. उमेदवारांस एका धनादेशाची गोडी वाटते ती बहुधा ह्यामुळेंच.

पुतण्या पुन्हां उभा राहणार आहे. पावतीपुस्तकें छापून आणलीं आहेत, आणि पहिली पावती, थोड्या कुरकुरीनंतर कां होईना, आमच्या व्याह्यांनींच फाडली. क्रशरवाले गृहस्थहि परवां येऊन गेले व पावती मागूं लागले. त्यांचीहि दोनशेंचीच फाडावी असें आम्ही म्हणतों. चिरंजीवांचें म्हणणें, निदान विसाव्या भागापर्यंत तरी घेऊं द्या. ह्यावर अद्याप आमचें एकमत झालेलें नाहीं.